हाडांच्या बाई

सणसवाडीच्या आमच्या घरमालकीणबाईंना उभ्या आयुष्यात कधी माणूस दिसला नाही. त्यांना दिसायचे ते सांगाडे. तुमचा रंग, नाकडोळे, अंगातला शर्ट, हातातला मोबाईल हे सगळं त्यांच्या लेखी वरवरचं होतं. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, कंपनीचं नेमणुकीचं पत्र खिशात घेऊन गेलो होतो. पत्र त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या नळापर्यंत चालत जा आणि परत ये." मी गेलो, आलो. मग चपला काढायला लावल्या, त्या उलट्या करून तळ पाहिले आणि निकाल दिला : माझा डावा खांदा खाली आहे, म्हणजे शाळेत दप्तर एकाच खांद्याला अडकवत होतो, चप्पल बाहेरच्या बाजूनं झिजली आहे, म्हणजे तळपायाची कमान उंच आहे, तेव्हा उभ्यानं करायचं काम शक्यतो घेऊ नये, बाकी माणूस सरळ दिसतो, खोली मिळेल. मी खुटबावच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडं बैलसुद्धा याहून कमी पारखून घेतात.

बाई पाबळकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पुस्तकात प्रकाश, ध्वनी, आम्ल, अल्कली असं पुष्कळ काही असायचं, पण बाईंचं वर्ष हाडांपासून सुरू व्हायचं आणि बऱ्याचदा हाडांपाशीच संपायचं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं चाळिशीत आली तरी एकमेकांना 'हाडांच्या बाई भेटल्या होत्या' असंच सांगायची. यजमानांनी, कंपन्या आल्या तेव्हा, घरामागच्या रानात भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि पुढं काही वर्षांत ते गेले. एकुलता मुलगा कॅनडात. बाईंच्या वाट्याला उरल्या त्या खोल्या आणि त्यांतली बिहार, ओडिशा, परभणी, लातूर अशी कुठूनकुठून आलेली माणसं.

खोल्यांना त्यांनी आकडे दिलेच नव्हते. रस्त्याकडची लांबलचक खोली म्हणजे मांडी. गच्चीवर पत्र्याची होती ती कवटी. बोळाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर होत्या त्या बरगड्या. त्यांतल्या शेवटच्या दोन पुढच्या भिंतीला जोडलेल्या नव्हत्या, म्हणून त्या तरंगत्या बरगड्या. मला मिळाली ती सगळ्यात मागची, जिन्याखालची. तिचं नाव माकडहाड. "पूर्वी इथं गोठा होता, त्याचा हा उरलेला तुकडा," बाईंनी सांगितलं. "शेपूट गेली, हाड राहिलं. कमी समजू नकोस. बसताना सगळी भिस्त त्याच्यावर असते." कुरिअरवाला फाटकाशी उभा राहून 'बरगडीतले यादव कोण' म्हणून हाका मारायचा, आणि यादवला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

संध्याकाळी पहिली पाळी सुटली की बाई फाटकाशी खुर्ची टाकून बसत. येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असे. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे, ते जिवंत आहे, आत रक्त तयार होतं, रोज थोडं झिजतं आणि थोडं नव्यानं भरतं, हे मी त्या फाटकात इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. एकदा बरगडीतले दोघं जुन्या कसल्याशा भांडणावरून एकमेकांच्या अंगावर गेले, तर बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की दहाएक वर्षांत माणसाची जवळजवळ सगळी हाडं नवी होतात, तेव्हा ज्यानं तुला शिवी दिली तो गडी आता शिल्लकच नाही, तू हे कोणाशी भांडतोयस. दोघंही इतके गोंधळले की भांडण तिथंच राहिलं. गुडघा शिकवायचा तर दाराची बिजागरी, खांदा शिकवायचा तर उखळ. कानातलं सगळ्यात लहान हाड केवढं असतं ते सांगायला तांदळाचा दाणा. समोरच्याला मराठी येतं की नाही याची त्यांना फिकीर नसे. ओडिशाचा एक वेल्डर मराठीत आधी 'मणका' शिकला आणि मग 'पाणी'.

पण बारा तास यंत्रापुढं उभा राहिलेला माणूस आंघोळ आणि भात एवढंच मागत असतो. त्यामुळं पोरं फाटकातून आत येताना मोबाईल कानाला लावत आणि पलीकडं कोणी नसताना 'हां भैया, बोलो' करत सटकत. बाईंना ते कळत नव्हतं असं नाही. एकाला थांबवून त्यांनी सांगितलं, "खरंच फोनवर बोलणाऱ्याची मान कलते. तुझी सरळ आहे. जा, जेवून घे." तो बिचारा ओशाळला. बाई मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत, पुन्हा तितक्याच ताठ.

रविवारी आम्ही कोणी वर्गणी काढून मटण केलं की बाईंना ताट असायचं. त्यांना नळी फार आवडे. पण नुसती नळी ओढून खातील तर त्या बाई कसल्या. आधी सगळ्यांच्या ताटांतली हाडं वर्तमानपत्रावर मांडून घ्यायच्या, हा फरा, ही बरगडी, हा पुढचा पाय, आणि मग बोकडाचा गुडघा आणि आपला गुडघा यांत काय साम्य आहे ते सांगायला घ्यायच्या. पहिल्यांदा आलेला माणूस हळूच ताट बाजूला सारायचा. त्याच्या वाट्याची नळीही मग बाईंकडंच जायची. त्या मुद्दाम असं करतात असा माझा फार दिवस संशय होता.

बाईंच्या विद्येचा सगळ्यात मोठा विजय म्हणजे गणेशची पोलीस भरती. गणेश परभणीकडचा, गच्चीवरच्या कवटीत राहायचा, कंपनीत कंत्राटावर होता. धावण्यात कोणाला ऐकायचा नाही, पण उंची नखभर कमी भरायची. आधी एकदा त्याच पायी परत आला होता आणि ही शेवटची संधी, वय निघून चाललेलं. बाईंनी त्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ भिंतीशी उभा करून मोजला आणि जाहीर केलं की हा सकाळी पुरेसा उंच आहे आणि संध्याकाळी नाही. मणक्यांमधल्या गाद्या दिवसभराच्या भारानं दबतात आणि रात्री आडवं पडल्यावर पुन्हा फुगतात. तेव्हा भरतीच्या मैदानावर पोचेपर्यंत गणेशनं उठून बसायचंच नाही. भरती दौंडला होती. मांडीच्या खोलीतल्या एकाचा छोटा टेम्पो होता, त्यात गादी टाकली, गणेशला झोपवला, गारठा होता म्हणून अंगावर पांढरी चादर घातली. उशाशी बाई बसल्या, पायथ्याशी मी, आणि उजाडायच्या सुमारास आम्ही निघालो.

प्रत्येक गतिरोधकाला बाई पुढं ओरडून सांगत होत्या, "सावकाश. आत मणके आहेत." न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी टेम्पोत डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडून हळूच विचारलं, "कुठलं हुतं पोरगं?" गणेशनं चादरीतून तोंड काढून सांगितलं की तो परभणीचा आहे आणि चहा त्यालाही पाहिजे. बाबा जे मागं सरले ते बाकावरच बसले. बाईंनी गणेशला चहा मिळू दिला नाही. आडव्यानं पिता येत नाही आणि उठायचं नाही. मैदानाच्या फाटकाशी त्याला उतरवला तेव्हा त्यांनी त्याच्या हनुवटीला बोट लावून मान सरळ केली आणि वळल्या. तासाभरानं तो लांबून पळत येताना दिसला. तो येऊन सांगायच्या आधीच बाई म्हणाल्या, "झाला पास. नापास झालेला माणूस असे खांदे मागं टाकून पळत नाही." पुढं तो धावण्यातही वर आला आणि पोलीस झाला.

परतीच्या वाटेवर खुटबावला आमच्या घरी थांबलो. आई वाफ्यात मेथी उपटून जुड्या बांधत होती. वर्षानुवर्षं खाली वाकून तिची पाठ कायमची बाकदार झालेली. मी मनाची तयारी केली की आता बाईंचं व्याख्यान सुरू होणार. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, चप्पल काढली, पदर खोचला आणि शेजारी बसून जुड्या बांधायला लागल्या. कण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. दोघी कोथिंबिरीच्या भावावर बोलत राहिल्या. जेवणं झाली, बाई टेम्पोत जाऊन बसल्या, तेव्हा आईनं मला बाजूला घेतलं.

"बाई लई एकट्या हायत रं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"जेवान संपू न्हाई म्हून बारीक बारीक घास घेत व्हत्या. तू जात जा त्यांच्याकडं बसाया."

तेव्हापासून मी फाटकात मोबाईल काढणं सोडलं.

दिवाळीत सणसवाडी ओस पडते. कंपन्या बंद, खोल्यांना कुलपं, खानावळींवर पडदे. त्या वर्षी मीही घरी गेलो होतो. पण कंपनीत काही माल तातडीनं पाठवायचा निघाला आणि मला पाडव्यालाच परत बोलावलं. दुपारी फाटक उघडून आत आलो तर खुर्ची रिकामी. मागं धुण्याच्या दगडाजवळ बाई आडव्या पडलेल्या. मी धावलो. त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "पळू नकोस, फरशी ओली आहे."

सकाळी पाणी भरायला आल्या आणि घसरल्या होत्या. मी हाताला धरून उठवायला गेलो तर थांबवलं. आवाज पार बसलेला, पण शब्द वर्गात काढावेत तसे. "उजवा पाय बघ. आखूड दिसतोय ना? आणि पाऊल बाहेर वळलंय. मांडीच्या हाडाची मान गेली. मला उचलायचं नाही. आहे तसं राहू दे, दोन्ही बाजूंनी उशा लाव आणि ॲम्ब्युलन्सला फोन कर." मी उशा आणल्या, फोन केला, त्यांच्या ओठांना पाणी लावलं. त्यांचा हात इतका गार होता की मी तो सोडला नाही.

शिरूरच्या दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, तर बाईंनी चष्मा मागितला. पिशवीतून काढून दिला. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. डॉक्टर तुटलेली जागा दाखवत होते आणि बाई तिथं बघतच नव्हत्या. कमरेचं हाड, खालचे मणके, दुसरा धड खुबा, सगळीकडं नजर फिरवत होत्या. मग मला म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांची दाखवली. आपली आज पाहिली. बरी आहेत, नाही का?" मी म्हटलं, फार छान आहेत. त्या मुलीसारख्या लाजल्या.

ऑपरेशनच्या कागदावर जवळच्या माणसाची सही लागत होती. मुलाच्या तिकडच्या राहण्याच्या कागदांचं काहीतरी अडलं होतं. देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. तो फोनवर रडला आणि मला म्हणाला, तुम्ही करा सही. नर्सनं विचारलं, नातं काय लिहू. बाई खाटेवरून म्हणाल्या, "माकडहाड लिहा." नर्सनं माझ्याकडं पाहिलं आणि शेवटी 'ओळखीचे' असं लिहिलं.

आत नेण्याआधी आम्ही वाट बघत होतो तेव्हा बाई छताकडं बघत बोलायला लागल्या. पडल्यावर पहिल्यांदा त्यांनी खूप हाका मारल्या होत्या. प्रत्येक खोलीचं नाव घेऊन मारल्या. मग आवाज गेला. बाहेर फटाके चालू होते.

"गळ्यात एक हाड असतं," त्या म्हणाल्या. "कंठिका. अंगातलं प्रत्येक हाड कुठल्या ना कुठल्या हाडाला टेकलेलं असतं. हे एकटंच कोणालाही टेकलेलं नाही. नुसतं स्नायूंवर लटकत असतं. पण त्याच्या आधारावर माणूस बोलतो. शिकवताना मी ते दोन वाक्यांत उरकायचे, परीक्षेला येत नसे म्हणून." त्यांचा हात गळ्याशी गेला. "तिथं पडल्या पडल्या सारखं त्याचंच मनात येत होतं." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी त्यांच्या खांद्यापर्यंत पांघरूण ओढलं.

खुब्यात धातूचा गोळा बसला. महिनाभर त्यांनी सगळ्यांना तो कसा बसवतात ते सांगितलं, आणि आता पोरंही ऐकायची, कारण दिवाळीहून परतल्यावर काय झालं होतं ते सगळ्यांना कळलं होतं. यादवची बायको सकाळचा चहा द्यायला लागली. वेल्डरनं मोरीत धरायला नळ्यांचा कठडा करून दिला. मुलाचा व्हिडिओ कॉल दर रविवारी यायचा. पूर्वी बाई त्याला उठून उभं राहायला सांगायच्या आणि पाठ बघायच्या. आता त्या स्वतः फोन यायच्या आधी खुर्चीत जाऊन बसत, काठी दाराआड ठेवत आणि तो विचारायचा तेव्हा 'अगदी पहिल्यासारखी चालते' म्हणून सांगत.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी देहदानाचं काढलं. पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजला स्वतः फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला की स्टीलचा गोळा असलेला माणूस चालतो का. पलीकडच्याला प्रश्न समजायला वेळ लागला, पण चालतो म्हणाला. मुलगा मात्र ऐकेना. आईला अग्नी द्यायचा नाही, लोक काय म्हणतील, मला शेवटचं काहीच करता येणार नाही का, असं तो रविवारमागून रविवार म्हणत राहिला. एका रविवारी मी तिथंच बसलो होतो. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अरे, इथं संध्याकाळी मी एकेकाला थांबवून सांगते. तिथं पोरं आपणहून येतील. टेबलाभोवती गर्दी करतील. माझ्याकडं बघून शिकतील." मुलानं नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. त्यानंतर हा विषय त्यानं काढला नाही. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि दुसरी गणेशनं, वर्दीत येऊन. बाईंनी त्याला वर्दीतही नळापर्यंत चालवून पाहिलं.

मग माझं लग्न झालं, दुसरी नोकरी लागली आणि आम्ही दौंडला राहायला गेलो. महिन्या-दोन महिन्यांनी मी सणसवाडीला चक्कर टाकायचो. या थंडीत एका सकाळी यादवचा फोन आला. चहा घेऊन गेलेली त्याची बायको दार वाजवत राहिली होती. बाई झोपेतच गेल्या. मी कॅनडाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "आईनं सांगितलं होतं तसंच करा. माझ्यासाठी थांबू नका." दुपारी कॉलेजची गाडी आली. बिहारची, ओडिशाची, लातूरची माणसं पाळी बुडवून फाटकाशी उभी होती. खांदा द्यायचा नव्हता, त्यामुळं हातांचं काय करावं ते कोणालाच कळत नव्हतं.

मुलगा दोन दिवसांनी पोचला. कागदांचं आता मिटलं होतं. मी त्याला तोवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. थोराड, केस विरळ झालेला, आईसारखीच रुंद हाडं. घरात त्यानं आईच्या साड्यांना हात लावला, सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली आणि मग अंगणात नुसता उभा राहिला. शेजारचे आप्पा भेटायला आले होते, त्यांनी सवयीनं विचारलं, अस्थी कुठं सोडणार. तो म्हणाला, अस्थी नाहीत. आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेले.

संध्याकाळी तो मला म्हणाला, नदीवर जाऊ या का. आम्ही भीमेच्या काठावर जाऊन बसलो. जवळ सोडण्यासारखं काही नव्हतं. पाणी कमी होतं, पलीकडच्या काठाला कोणी म्हशी धूत होतं. त्यानं विचारलं, "ऑपरेशननंतर ती चालायची कशी? मी पाहिलंच नाही. दर वेळी बसलेलीच असायची."

मी सांगायला लागलो, पण ते सांगून कळण्यासारखं नव्हतं. मग मी उठलो. बाभळीची एक वाळकी काटकी उचलली आणि डाव्या हातात धरली, कारण काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते. काठी आणि उजवा पाय एकदम पुढं टाकला. कंबर जरा झोकली. डाव्या पायानं पुढं आलो. पाऊल टेकल्यावर त्या क्षणभर थांबून हनुवटी वर करायच्या, ती केली. असा वाळूतून पाण्यापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. म्हशी धुणारा माणूस काम थांबवून माझ्याकडं बघत होता.

मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. मी काटकी टाकायला लागलो तर त्यानं हात वर केला.

"आणखी एकदा," तो म्हणाला. "जरा सावकाश."